निदान रेषा

आई कुकरची शिट्टी होऊच देत नाही.
चिमट्यानं वर धरते, वाफ फुसकन निघून जाते,
आणि आमची डाळ रोज थोडी कच्ची राहते.
घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

घणसोली गावठाण. गल्ली इतकी अरुंद
की समोरच्यांचा टीव्ही आमच्या भिंतीवर हलतो.
म्हणून खिडकीला मंडळाचं जुनं बॅनर लावलंय,
छापील बाजू बाहेर.
रस्त्यावरच्यांना मी दिसते, मांडी थोपटणारी, सात नंबरची.
आतून नुसतं पांढरं प्लास्टिक.

दहापैकी किती, डॉक्टर कुलथे विचारतात.
चार, मी म्हणते.
चारला भाजी चिरता येते.
सहाला कोणती भाजी आणायला निघाले ते आठवत नाही.
आठच्या पुढे मी आकडे सांगत नाही,
उशीखाली तोंड घालते.
वहीत लिहायचं असतं सगळं.
मंगळवार: चार.
बुधवार: आठ. जोमाकाकांच्या प्रसादची हळद.

डीजेचा आवाज कानातून येत नाही, लादीतून येतो.
मी न्हाणीत उपड्या बादलीवर बसले, डोक्याला ओला पंचा.
काकी दारातून वडे-मटणाचं ताट देऊन गेली.
तिला मी नाचणारी आठवत असणार.
"आजपन का गो?" आईनं बाहेरून विचारलं.
कडी वाजवली नाही. नखानं दार खरवडलं.

पहिला मार कळव्यात. मी चवडा धरलेला,
तिचा गुडघा माझ्या कानामागे.
हासुराम सरांनी तोंडावर पाणी मारलं,
ऊठ वाघीण.
उठले.
दुसरा उरणला, आमच्याच वैदेहीचं कपाळ.
तिला टेंगूळ आलं, मला काहीच नाही,
म्हणून सगळे तिच्याकडे धावले.
तिसरा वाशीत, सरावाला, मॅटवर. तो मोजायचा की नाही
यावर अजून वाद आहे.

चौथा कुणाला माहीत नाही.
निवड चाचणी होती. पंचांनी विचारलं, गुण किती?
मला फलक दोन दिसत होते, दोन्ही पोहत होते.
वैदेही ओठ न हलवता म्हणाली, एकोणीस-सोळा.
मी म्हणाले, एकोणीस-सोळा.
निवड तशीही झाली नाही.

लहानपणी वाटायचं, निदान रेषा म्हणजे
निदान इथवर तरी ये बाई,
नाहीतर चढाई कसली!
आता तोच शब्द लॅबच्या पाटीवर वाचते,
आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. काळापांढरा, देखणा.
काही नाही, असं त्यात सविस्तर लिहिलंय.
आणि हे रोज रेषा ओलांडून आत येतं,
परत जात नाही,
दमही सुटत नाही याचा.

रविवारी टोपी, काळा चष्मा, गावच्या मैदानावर.
चौदा वर्षांखालच्या मुली. माझं काम ओरडण्याचं,
ते मी हातांनी करते.
भार्गवी पडली. डावा कोपरा, माझीच जागा.
फार लवकर उठली.
हसली. "काही नाही झालं, ताई."
मी विचारलं, सकाळी काय खाल्लंस?
तिनं शेजारच्या श्रेयाकडे पाहिलं.
श्रेयाचे ओठ हलले नाहीत.
मला तेवढं पुरलं.

बदली खेळाडू नव्हती. सहा जणींनी खेळलो,
लोण बसला, हरलो.
सर चपला घालून निघून गेले.
भार्गवी बदामाच्या झाडाखाली बसून
माझ्याकडे बघत होती, मीच तिला पाडलं असं.

वहीत: रविवार. सहा. ऊन.
खाली: भार्गवीच्या आईला फोन केला. डॉक्टर म्हणेपर्यंत खेळ बंद.
ती माझ्याशी बोलत नाही. चालेल.

घरी आले तर डाळ मऊ शिजलेली.
मी नव्हते,
शिट्ट्या झाल्या असणार.